‘मदरबोर्ड गेला आहे’ म्हणजे नेमके काय? लॅपटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा

रायपूर : बिघडलेला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ठेवल्यानंतर ग्राहकाला जी उत्तरे मिळतात, त्यांतले सर्वांत महाग पडणारे उत्तर अवघ्या तीन शब्दांचे असते : ‘मदरबोर्ड गेला आहे.’ हे ऐकल्यावर बहुतेक जण पुढचा प्रश्न विचारत नाहीत. दुरुस्तीचा अंदाज कित्येकदा नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीच्या घरात जातो, घरातील कोणीतरी ‘एवढे घालण्यापेक्षा नवाच घ्या’ असे म्हणते आणि निर्णय होऊन जातो. प्रत्यक्षात हे तीन शब्द म्हणजे निदान नव्हे. वैद्याने ‘पोटात बिघाड आहे’ एवढेच सांगून थांबावे, तसा तो प्रकार आहे. बिघाड काही रुपयांच्या एखाद्या कपॅसिटरमध्ये असू शकतो, तसाच तो दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या प्रोसेसरमध्येही असू शकतो. या दोहोंतील कोणता, हे कळल्याशिवाय दुरुस्ती की नवी खरेदी हा प्रश्न सुटत नाही.

छत्तीसगडच्या राजधानीतील पुरानी बस्तीसारख्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. महामाया मंदिर, जैतुसाव मठ, थोड्या अंतरावर दूधाधारी मठ आणि बूढा तालाब अशा खुणा असलेली ही जुन्या रायपूरची वस्ती. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ मध्ये संपली, तरी शहरातील तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावात ‘तात्या’ अजून टिकून आहेत. येथील मध्यमवर्गीय घरात लॅपटॉप बहुधा एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. दिवसा त्यावर दुकानाचा जीएसटीचा हिशेब, संध्याकाळी धाकट्याचा वर्ग, रात्री सीजी व्यापम किंवा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी. ज्यांचे ‘चॉइस सेंटर’ आहे (छत्तीसगडमध्ये नागरी सेवा केंद्रांना लोक अजूनही याच नावाने ओळखतात) त्यांचा तर तो रोजगारच. चोवीस तास खुल्या असणाऱ्या नालंदा परिसर ग्रंथालयात अभ्यासाला जागा मिळू शकते; दोन वर्षांची टिपणे आणि फायली साठवलेले स्वतःचे यंत्र तेथे मिळत नाही. अशा घरात नाहक केलेली नवी खरेदी म्हणजे वर्षभराचे हप्ते, आणि बुडत्या यंत्रावर पुन्हा पुन्हा केलेली दुरुस्ती म्हणजे परीक्षेचा हातचा गेलेला महिना.

दुकानात जाण्यापूर्वी

बिघाड कोठे आहे याचा पहिला अंदाज घरीच, काहीही न उघडता घेता येतो. पडदा काळा असेल आणि पंखा फिरत असेल, तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहावा. तेथे चित्र स्पष्ट उमटले, तर प्रोसेसर, मेमरी आणि बोर्डाचा बराचसा भाग शाबूत आहे. दोष पडद्यात, त्याच्या केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारल्यावर आतले चित्र पुसटसे दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेलेला आहे. यंत्र अजिबात सुरू होत नसेल, तर आधी तेवढ्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा वॅटचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. वरकरणी ‘डेड’ वाटणाऱ्या लॅपटॉपांपैकी काहींचा दोष केवळ अडॅप्टरचा किंवा सैल झालेल्या चार्जिंग पिनचा असतो. हे तपासायला पाच मिनिटे लागतात, आणि न तपासता गेल्यास त्याचेच तपासणी शुल्क द्यावे लागते.

रायपूरच्या हवेचाही बिघाडात वाटा असतो. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. तेथून येणारी काळी धूळ ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. ही धूळ लॅपटॉपच्या पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत साचते. त्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि प्रोसेसरवर लावलेली उष्णतावाहक पेस्ट वर्षागणिक वाळत जाते. परिणामी यंत्र सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे चालते, पंख्याचा आवाज वाढतो, तळ तापतो आणि सारे अचानक बंद पडते. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. हा क्रम दिसला, तर बोर्डाचे नाव घेण्याआधी पंख्याची सफाई आणि नवी पेस्ट एवढेच करून पाहावे. त्याचा खर्च इतका कमी असतो की तो नव्या लॅपटॉपच्या किमतीशी तोलण्याचे कारणच नाही.

बोर्डाच्या आत काय बिघडते

अडॅप्टरमधून लॅपटॉपला साधारण १९ किंवा २० व्होल्टचा वीजपुरवठा होतो. आतील भागांना मात्र ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, प्रोसेसरला तर १ व्होल्टच्या आसपास असा वेगवेगळा पुरवठा लागतो. म्हणून मदरबोर्डवर वीज टप्प्याटप्प्याने उतरवणारी अनेक छोटी मंडले असतात. प्रत्येकात काही ट्रान्झिस्टर, एक वेटोळे, एक नियंत्रक चिप आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असे कित्येक सिरॅमिक कपॅसिटर. यांतला एखादा कपॅसिटर आतून तडकला की वीज थेट जमिनीकडे वाहू लागते. कारागिरांच्या भाषेत ती ‘लाइन शॉर्ट’ होते. संरक्षक यंत्रणा हे ओळखते आणि लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही. ग्राहकाला दिसते ते पूर्ण मेलेले यंत्र. बोर्डावरचे शेकडो भाग मात्र धडधाकट असतात.

अशा वेळी ‘चिप लेव्हल’ काम जाणणारा कारागीर प्रत्येक लाइनचा रोध मोजतो, शॉर्ट सापडलेल्या लाइनवर बाहेरून अत्यल्प व्होल्टेज देतो आणि कोणता भाग तापतो ते पाहतो. ज्याच्याकडे उष्णता टिपणारा कॅमेरा आहे तो त्यात पाहतो. ज्याच्याकडे नाही तो बोर्डावर अल्कोहोल पसरतो आणि ते सर्वांत आधी कोठून उडून जाते ते पाहतो. दोषी भाग काढून नवा बसवला की यंत्र जागे होते. भागाची किंमत नगण्य असते. मोबदला द्यायचा तो तो शोधण्याच्या विद्येचा, आणि तो देताना कुरकुर करू नये. याच प्रकारात मोडणारा दुसरा दोष म्हणजे बायोस चिपमधील मजकूर बिघडणे. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली, तर हे घडते. चिप प्रोग्रामर नावाच्या साध्या साधनाने तो मजकूर पुन्हा लिहिता येतो. चार्जिंगचे नियंत्रण करणारी चिप जळणे हाही असाच आवाक्यातला बिघाड.

याउलट काही दोषांची शक्यता आरंभीच धूसर असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या तळाशी झाळकामाचे शेकडो सूक्ष्म गोळे असतात आणि त्यांवर ती चिप बोर्डाला जोडलेली असते. चिपच आतून निकामी झाली असेल, तर तिला गरम हवेने तापवून तात्पुरती जिवंत करण्याचा प्रघात आहे. काही दिवस, कधी काही आठवडे यंत्र चालते आणि पुन्हा तेच होते. ‘फक्त हीट देऊन चालू करतो’ असे कोणी सांगितले, तर त्या कामाला पैसे देण्याऐवजी तो लॅपटॉप तेवढ्यापुरता सुरू करून घेऊन आपला डेटा काढावा आणि नव्याचा विचार करावा. दुरुस्ती म्हणून त्याकडे पाहू नये.

आता प्रश्न उरतो तो अधिकृत सेवा केंद्राच्या उत्तराचा. तेथील कर्मचारी ‘बोर्ड बदलावा लागेल’ असे सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला कंपनीने दिलेल्या पद्धतीत बदलता येणारा सर्वांत लहान भाग म्हणजे संपूर्ण बोर्डच असतो. त्यावर कंपनीची हमी असते, काम लवकर होते आणि निकाल निश्चित असतो. कपॅसिटर शोधत बसण्याची मुभा त्याला नसते, आणि बोर्डाची मंडल-आकृतीही कंपन्या सर्वसाधारणपणे बाहेर देत नाहीत. म्हणजे ‘दुरुस्त होत नाही’ याचा खरा अर्थ ‘आमच्या पद्धतीत दुरुस्त होत नाही’ असा असतो. हमीचा काळ शिल्लक असेल, तर हीच पद्धत ग्राहकाच्या फायद्याची आहे. तेव्हा यंत्र इतरत्र उघडणे हा निव्वळ तोटा. हमी संपली असेल, तर त्या उत्तरावर थांबू नये. दुसरे मत घ्यावे.

दुसरे मतही डोळे झाकून स्वीकारण्याजोगे नसते. अधिकृत केंद्राला बोर्ड बदलण्याची सवय, तशी गल्लीतल्या कारागिराला ‘होऊन जाईल’ म्हणण्याची सवय. त्याची कसोटी एका प्रश्नात लागते : कोणता भाग गेला आहे आणि ते कशावरून कळले? जो ‘चार्जिंग सेक्शनमध्ये शॉर्ट आहे’ किंवा ‘३.३ व्होल्टची लाइन येत नाही’ असे सांगतो, त्याने मोजमाप केले आहे. जो ‘बोर्डात प्रॉब्लेम आहे, सोडून जा’ म्हणतो, त्याने केलेले नाही. यंत्र सोडण्यापूर्वी जॉब कार्डवर लॅपटॉपचा अनुक्रमांक, आत असलेली मेमरी आणि एसएसडी यांची क्षमता, अंदाजे खर्च आणि काम न झाल्यास किती शुल्क हे लिहून घ्यावे. काढलेला भाग परत मागावा. दुरुस्तीवर किती दिवसांची हमी, हे पावतीवर असावे. हमीविना केलेल्या बोर्डकामाची किंमत हमीसह केलेल्या कामाइतकी देण्याचे कारण नाही.

चहा सांडल्यावर

लॅपटॉपच्या बिघाडांत सांडलेला चहा हा खास आपल्याकडचा प्रकार म्हणावा लागेल, आणि त्यात वेळेला जितके महत्त्व आहे तितके दुसऱ्या कोणत्याही बिघाडात नाही. पाण्याने बोर्ड लगेच मरतो असा समज आहे. वास्तविक नुकसान करतो तो ओलावा आणि वीज यांचा संयोग. विद्युतदाबाखालील धातूच्या रेषा ओलाव्यात झपाट्याने गंजतात आणि काही तासांत, काही दिवसांत तुटतात. बटण दाबून यंत्र बंद केले तरी बॅटरी जोडलेली असल्याने बोर्डाच्या काही भागांत वीज खेळतच असते. म्हणून चार्जर काढणे, यंत्र पूर्ण बंद करणे, ते उलटे धरून द्रव बाहेर येऊ देणे आणि शक्य तितक्या लवकर कारागिराकडून बॅटरीची जोडणी सोडवून घेणे, हा क्रम महत्त्वाचा. ‘चालतो का बघू’ म्हणून मध्येच सुरू करून पाहणे हे सर्वांत घातक. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतला चहा निघत नाही. साखर आणि दूध यांचा थर तसाच राहतो, हवेतील दमटपणा शोषतो आणि गंज चालू ठेवतो.

योग्य उपाय म्हणजे बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आवश्यक तर अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणे. पहिल्या दिवशी हे झाले, तर वाचण्याची शक्यता चांगली असते. तीन आठवड्यांनी, ‘आत्तापर्यंत चालत होता’ असे म्हणत आणलेल्या यंत्राबाबत ती बरीच घटते. गंज मोठ्या चिपच्या खाली शिरला असेल, तर आज सुरू झालेले यंत्र पुढच्या पावसाळ्यात बंद पडू शकते. त्यामुळे द्रवबाधित लॅपटॉपवर मोठा खर्च करण्यापूर्वी बोर्डाचे छायाचित्र पाहून घ्यावे. हिरवट-पांढरे डाग एका कोपऱ्यात असतील, तर दुरुस्ती करावी. सर्वत्र पसरलेले असतील, तर डेटा काढून घ्यावा आणि थांबावे. उत्पादकाची नेहमीची हमी द्रवामुळे झालेल्या नुकसानाला लागू होत नाही; अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घेतले असेल तरच दावा करता येतो.

पडदा, बिजागरी आणि कळफलक यांचे गणित तुलनेने सरळ आहे. पडदा फुटला तर बहुतेक साध्या लॅपटॉपांत केवळ पॅनेल बदलता येते, झाकणासह पूर्ण जोडणी घेण्याची गरज नसते. पॅनेलच्या पाठीवरील क्रमांक जुळला म्हणजे झाले. स्पर्शपडदा असेल, तर खर्च चढतो. बिजागरीचा दोष बारीक दिसतो म्हणून लोक महिनोन्‌महिने तो तसाच ठेवतात. प्लॅस्टिकच्या तळात बसवलेल्या पितळी नट उखडलेल्या असताना झाकण उघडत राहिले, की आधी तळ तडकतो, मग पडद्याची केबल चिमटते आणि शेवटी पॅनेल फुटते. लहान खर्चाची मोठ्या खर्चात वाढ होण्याचे याहून नेमके उदाहरण या यंत्रात नाही.

बॅटरीबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगायला हवी. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर तो लॅपटॉप वापरू नये, चार्ज करू नये आणि फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. नवी बॅटरी आणि नवा अडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. या दोन्ही वस्तूंना सक्तीची नोंदणी लागू आहे. बॅटरी केवळ लवकर उतरत असेल, तर विंडोजमध्येच तिचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. सगळे ठीक असूनही लॅपटॉप फक्त संथ झाला असेल आणि त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो पाहिल्यावर नव्या खरेदीचा विचार अनेकदा आपोआप मागे पडतो.

निम्म्या किमतीचा नियम पुरेसा नाही

‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवा घ्यावा’ हा सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा आहे. तो सोपा आहे, पण त्यात वेळ धरलेला नाही. त्याऐवजी प्रत्येक पर्यायाचा वर्षागणिक खर्च काढावा. समजा, चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपच्या दुरुस्तीला ९,००० रुपये लागणार आहेत आणि त्यानंतर तो दोन वर्षे चालेल असे वाटते. वर्षाला ४,५०० रुपये झाले. त्याच कामासाठी नवा लॅपटॉप ५०,००० रुपयांचा असून तो साडेपाच वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला सुमारे ९,००० रुपये. म्हणजे दुरुस्त केलेले यंत्र एक वर्ष जरी टिकले तरी व्यवहार बरोबरीचा ठरतो, त्यापुढचा प्रत्येक महिना बचतीचा. तेच यंत्र सहा महिन्यांतच बंद पडण्याची भीती असेल, तर दर वर्षाला १८,००० रुपयांवर जातो आणि दुरुस्ती महाग ठरते. दोन्ही वेळा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या एक पंचमांशाहूनही कमीच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निर्णय फिरला तो किती काळ चालेल या एका अंदाजाने, आणि तो अंदाज देऊ शकते ते निदान. आरंभीच्या तीन शब्दांवर थांबता येत नाही ते यामुळेच. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती वाढल्याने नव्या यंत्रांच्या किमतींवरही ताण आला आहे, ही बाबही तूर्त दुरुस्तीच्या बाजूने जाते.

यंत्राचे उरलेले आयुष्य केवळ सुट्या भागांवर ठरत नाही. विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली ती २०१७ मध्ये. छत्तीसगडमध्ये २०१३ पासून युवा सूचना क्रांती योजनेतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्यात आले होते. त्या काळातील यंत्र घरात अजून चालू असेल, तर त्याची निगा राखणाऱ्याचे कौतुकच करायला हवे. परंतु त्याच्या बोर्डावर आता खर्च करू नये. त्यावर लिनक्स टाकून वाचन, लेखन आणि व्हिडिओ वर्गांपुरते ते वापरता येते. टॅली किंवा केवळ विंडोजवर चालणारी शासकीय सॉफ्टवेअर ज्यांना लागतात, त्यांच्यासाठी तो मार्ग नाही.

एका बाबतीत मात्र खर्चाचे सारे गणित बाजूला ठेवावे लागते, आणि ती म्हणजे डेटा. दुरुस्तीला देण्याआधी, यंत्र सुरू होत असेल, तर सर्व फायलींची प्रत बाहेर काढून घ्यावी. अनेक नव्या लॅपटॉपांत विंडोज आपण होऊन डिस्क कुलूपबंद करते. अशा यंत्राचा बोर्ड बदलला, की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, हे अनेकांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नसते आणि खात्याचा पासवर्डही आठवत नाही. ही की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. काही पातळ लॅपटॉपांत, विशेषतः अलीकडच्या मॅकबुकमध्ये, साठवण थेट बोर्डावरच झाळलेली असते. तेथे बोर्ड बदलणे म्हणजे डेटा गमावणे. अशा वेळी जुना बोर्ड एकदा तरी जिवंत करणारी चिप लेव्हल दुरुस्ती हाच डेटाकडे नेणारा रस्ता असतो, मग ते यंत्र पुढे वापरायचे नसले तरी. एसएसडी वेगळी निघत असेल, तर ती घरी ठेवूनच यंत्र दुरुस्तीला द्यावे. बँकेचे व्यवहार आणि डिजिटल स्वाक्षरी ज्या यंत्रावर आहेत, त्याचा मुख्य पासवर्ड चिठ्ठीवर लिहून काउंटरवर चिकटवण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

ग्राहकाच्या हाती कायद्याने काय दिले आहे, हेही पाहावे लागेल. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे पोर्टल सुरू झाले. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रे एका ठिकाणी सापडावीत, हा त्याचा हेतू. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘दुरुस्तीक्षमता निर्देशांका’चा अहवाल सादर केला. यंत्र किती सहज उघडते, भाग मिळतात का, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत होते अशा निकषांवर वस्तूला गुण द्यावेत, अशी ती कल्पना आहे. पहिल्या टप्प्यात शिफारस झाली ती स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी. लॅपटॉप त्यात नाहीत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवरही असे दहापैकी गुण छापावे लागतात. सुटे भाग बाहेरच्या कारागिराला न देणे ही स्पर्धाविरोधी वर्तणूक ठरू शकते, हे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच मोटार कंपन्यांच्या प्रकरणात म्हटले होते. तेव्हा १४ कंपन्यांना २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला आणि पुढे त्यावर अपिले झाली. लॅपटॉपच्या ग्राहकाला आज त्याचा थेट उपयोग नाही.

उपयोग आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. दुरुस्ती ही सेवा आहे आणि तीतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते, मग ती अधिकृत केंद्राने दिलेली असो वा साध्या दुकानाने. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तेथे तोडगा न निघाल्यास तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. पावती आणि जॉब कार्ड मात्र हवे. पाच-पन्नास रुपये कर वाचवण्यासाठी पावती न घेणारा ग्राहक नेमका हाच आधार गमावतो.

नवे यंत्र घेण्याचे ठरलेच, तर या अनुभवाचा उपयोग खरेदीत करता येतो. मेमरी आणि एसएसडी बदलता येतात का, बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली, कंपनीचे सेवा केंद्र रायपुरात आहे की यंत्र दुसऱ्या शहरात पाठवावे लागेल, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. वजन दोनशे ग्रॅमने कमी असण्यापेक्षा त्यांची उत्तरे अधिक मोलाची आहेत. कार्यालयांतून निघालेले, तपासून पुन्हा विकले जाणारे व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप हाही एक चांगला पर्याय आहे. त्यांचे भाग मुबलक मिळतात आणि सांगाडा मजबूत असतो. तेथेही प्रोसेसरची पिढी आणि लेखी हमी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

राहिला जुना लॅपटॉप. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागातून प्रसिद्ध झालेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रीकरण नोंदले गेले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि लॅपटॉप त्या यादीत आहे. त्यामुळे कंपनीच्या परत-स्वीकार योजनेची चौकशी करावी किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे यंत्र द्यावे. भंगारवाल्याकडे गेलेल्या बोर्डातील तांबे बहुधा आम्लात आणि आगीत वेगळे केले जाते. देण्याआधी एसएसडी काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी. चालू पडदा, मेमरी, कळफलक आणि अडॅप्टर यांना दुरुस्तीच्या दुकानात किंमत मिळते, कारण त्याच मॉडेलचा दुसरा कोणाचा तरी लॅपटॉप तेथे या भागांची वाट पाहत असतो. फुगलेली बॅटरी मात्र विकू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ती वेगळी, कोरड्या जागी, धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवून थेट संकलन केंद्राकडेच द्यावी.